घंटाफुलाचं दव

हॉस्पिटलच्या मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला केसपेपरची खिडकी होती. त्या खिडकीमागे एकतीस वर्षं एकच बाई बसत. समोर येईल त्याला नाव, वय आणि ‘काय होतंय?’ असे तीनच प्रश्न विचारायचे, कागद भरायचा, शिक्का मारायचा आणि माणसाला योग्य त्या खोलीकडे धाडायचं, एवढं त्यांचं काम. कागदावरचं त्यांचं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी उच्चारी. एरवी वॉर्डबॉयपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाकळीताई म्हणत.

हे नाव पडलं थट्टेतून. खिडकीत गर्दी नसली की ताई टेबलाच्या खणातून एखादं फूल काढायच्या, ब्लेडने उभं चिरायच्या आणि भिंगाखाली धरून पाकळ्या मोजत बसायच्या. भिंग नवऱ्याने करून दिलेलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोचा नाद त्याच्या लक्षात आला, तेव्हा कानातल्यांऐवजी त्याने हे भिंग घासून आणलं, आणि ताईंनी कानातल्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

नाद लागला तो मात्र फार आधी, आईमुळे. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि इस्त्री करता करता लेकीला गोष्ट सांगायची. एका गोष्टीत जंगलात चुकलेली मुलगी होती. तिला वाट सांगायचं एक फूल. गाल दाबले की ते तोंड उघडायचं. ‘कुठलं गं ते फूल?’ असं मुलीने शंभरदा विचारलं आणि आईने शंभरदा एकच उत्तर दिलं, ‘असतं एक.’ मुलीला ते काही केल्या पटेना. फूल असेल तर त्याला नाव असणार, ते कुठेतरी उगवत असणार. चौदाव्या वर्षी शाळेच्या बागेत वाफ्यात एक फूल दिसलं, तिने सहज दोन बोटांनी ते दाबलं आणि त्याने जबडा उघडला. माळी म्हणाला, याला डॉगफ्लॉवर म्हणतात. मुलीने दप्तर तिथेच टाकलं आणि फूल मुठीत धरून घर गाठलं. आईने इस्त्री उभी केली, फुलाचे गाल दाबून बघितले आणि म्हणाली, ‘हेच. बघ, मी काही थापा मारत नव्हते.’

त्या दिवसापासून तिला गोष्टीतलं फूल आणि बागेतलं फूल यांच्यात कुंपण राहिलं नाही. कादंबरी वाचताना इतर बाया नायिकेचं काय होतं म्हणून पानं उलटायच्या, आणि ताई नायिकेच्या खिडकीखाली काय उगवलंय ते बघायच्या. संध्याकाळी उमललं, रंग गडद गुलाबी, बी काळं मिऱ्यासारखं, म्हणजे गुलबक्षी. मग वहीत नोंद. एका कादंबरीत नायिकेला भर दुपारी रातराणीचा घमघमाट आला, तेव्हा ताईंनी प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं की रातराणी दुपारी वास देत नाही, कृपया पुढच्या आवृत्तीत बघावं. आठ महिन्यांनी लेखकाचं उत्तर आलं. ‘आपलं बरोबर आहे. पण नायिकेची गाडी दुपारचीच होती.’ ताईंना ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी कार्ड वहीत चिकटवलं.

हळूहळू शेजारपाजारचे लोकही त्यांना विचारू लागले. कुंडीत न लावता काही उगवलं की ताईंना बोलावणं यायचं. त्यात एकदा घोटाळा झाला. पलीकडच्या घरात एक रिटायर झालेले ड्रिलमास्तर राहत. त्यांच्या दारापुढे एक रोप आलं, कातरल्यासारखी नाजूक पानं. ताई रस्त्याने चालल्या होत्या, घाईत होत्या. वाकून नुसती नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘शेवंतीतलं काहीतरी दिसतंय. राहू द्या.’ ड्रिलमास्तरांनी राहू दिलं. नुसतं राहू दिलं नाही, त्याला विटांचं आळं केलं, खत घातलं, रोज सकाळी पाणी घातलं. तीन महिन्यांत रोप कमरेएवढं झालं, त्याला बारीक पांढरी फुलं आली आणि ड्रिलमास्तरांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत खाज सुटली. ते गाजरगवत होतं. अख्ख्या गल्लीने ते उपटायला हात लावला आणि अर्धी गल्ली खाजवत ताईंच्याच खिडकीत केसपेपर काढायला आली.

‘काय होतंय?’ ताईंना विचारावंच लागलं.

‘शेवंती झालीय,’ ड्रिलमास्तर म्हणाले.

गल्ली हसली. ताईही वरवर हसल्या, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर कुणी पान आणून दाखवलं तर त्या म्हणायच्या, ‘मला नाही बाई कळत.’ वही माळ्यावर गेली. भिंग तेवढं खणात राहिलं, ते नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. अशी चार वर्षं गेली.

मग एके दिवशी, साधारण अकराच्या सुमाराला, एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी आली. मागे मुलीचे आजोबा. बाईला धाप लागली होती आणि आजोबांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

‘काय होतंय?’

‘हिचा डोळा बघा,’ आई म्हणाली. ‘एक बाहुली मोठी झालीय. परवा झोपाळ्यावरून पडली होती, डोक्यावर. तेव्हा काही वाटलं नाही.’

ताईंनी बघितलं. उजव्या डोळ्याची बाहुली पसरून जवळजवळ सगळा डोळाच काळा दिसत होता, आणि डावी मात्र नेहमीसारखी. एकतीस वर्षं त्या खिडकीत बसल्यावर कशाची भीती धरायची हे डॉक्टर नसलेल्या माणसालाही कळतं. डोक्याला मार आणि एक बाहुली मोठी, म्हणजे आत रक्त साकळलेलं असू शकतं. त्यांनी रांगेतल्या पाच जणांना थांबवून हा कागद आधी भरायला घेतला.

मुलगी मात्र मजेत होती. खिडकीच्या कट्ट्यावर बसून शिक्क्याशी खेळत होती. नाव विचारलं तर म्हणाली, ‘पिटुकली. खरं नाव आई सांगेल.’ आणि मग आपण होऊन, मोठं गुपित सांगावं तशी पुटपुटली, ‘मला ना, या डोळ्याने आता जमिनीखालची माणसं दिसणारेत. पण अजून दिसत नाहीत. नुसतं धूसर दिसतंय.’

ताईंचा हात कागदावर थांबला. ‘कोण म्हणालं दिसणार म्हणून?’

‘गोष्टीत आहे. घंटाफुलाचं दव डोळ्यात घातलं की दिसतात.’

तेवढ्यात छोट्या डॉक्टर धावत आल्या. हॉस्पिटलात मोठे डॉक्टर होते म्हणून या छोट्या. वयाने तिशीच्या, अंगाने किरकोळ, पण हाताखालच्यांना सरळ करणाऱ्या. त्यांनी मुलीच्या डोळ्यात टॉर्च मारला. डावी बाहुली आक्रसली, उजवी जराही हलली नाही. त्यांनी मुलीला उचललं आणि आत नेलं. जाता जाता ॲम्ब्युलन्सला तयार राहायला सांगितलं, कारण डोक्याचं स्कॅन करायचं मशीन या हॉस्पिटलात नव्हतं. ते दीड तासाच्या वाटेवर, मोठ्या शहरात होतं.

ताई खिडकीत बसून राहिल्या. पुढचा माणूस आपला खोकला सांगत होता, त्यांच्या कानात काहीच शिरत नव्हतं. घंटाफूल. घंटेसारखी फुलं पन्नास झाडांना येतात, पण त्यांतल्या एका कुळाचा रस डोळ्यात गेला तर बाहुली पसरते, हे त्यांनी कधीकाळी वहीत लिहून ठेवलं होतं. आणि रस एकाच डोळ्यात गेला तर? बोलावं का? बोलून चुकलं तर? मुलीच्या डोक्यात खरंच रक्त साकळलं असलं आणि आपल्या बडबडीने वेळ गेला तर? शेवंतीने फार फार तर खाज आली होती. इथे पोरीच्या जिवाचा प्रश्न होता.

मग त्या उठल्या. रांगेतल्या कुणीतरी ‘अहो, कुठे चाललात?’ असं विचारलं. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हा नियम त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाळला होता. आज त्यांनी खिडकीवर फळी ओढली आणि तपासणीच्या खोलीत गेल्या.

‘डॉक्टर, मला दोन मिनिटं बोलायचंय. मी चुकत असेन.’

‘मग नंतर बोला,’ छोट्या डॉक्टर फोन कानाला लावून म्हणाल्या.

‘नंतर नाही चालणार. मुलीने डोळ्यात फुलाचा रस घातलाय असं ती म्हणतेय. धोतऱ्याच्या कुळातलं फूल असेल तर बाहुली अशीच होते. ॲम्ब्युलन्स थांबवू नका असंच मी म्हणेन. फक्त तिला विचारा.’

डॉक्टरांनी फोन खाली घेतला. पिटुकलीला विचारलं. तिने सरळ कबूल केलं. काल संध्याकाळी आजोबांच्या बागेत, आजोबा पेपर वाचत असताना, तिने फूल पिळून डोळ्यात घातलं होतं.

आजोबा भिंतीला टेकून उभे होते, ते खालीच बसले. ‘माझीच गोष्ट आहे,’ ते म्हणाले. ‘मीच सांगतो ती तिला. पण घंटाफूल म्हणजे आमच्या फाटकाजवळचं पिवळं. ते काही विषारी नाही हो, बागेबागेत असतं.’

‘पिवळं? वर झुडपावर झुबक्याने येतं ते?’ ताईंनी विचारलं.

‘तेच.’

ताईंचा चेहरा उतरला. ते त्यांना ठाऊक होतं. त्याने डोळ्याला असं काही होत नाही.

छोट्या डॉक्टरांनी पुन्हा मुलीकडे बघितलं. मुलीला उलटी नव्हती, डोकं दुखत नव्हतं, ती कॉटवर बसून पाय हलवत होती. ‘ॲम्ब्युलन्स निघायला अजून वीस मिनिटं लागतील,’ त्या म्हणाल्या. ‘तोवर मी डोळ्यांच्या सरांना फोन लावते. बाहुली बारीक करायचं एक औषध असतं, ते घालून बघता येईल. आजोबांचं घर किती लांब?’

‘रिक्षाने पाच मिनिटं.’

‘मग ताई, तुम्ही जा. अंदाज नको. फूल आणून दाखवा मला.’

रिक्षातून फाटकाशी उतरल्यावर आजोबांनी पिवळ्या फुलांकडे बोट दाखवलं. ताईंनी झुडपाखालची जमीन बघितली. फुलं गळून पडली होती, पण एकही पिळलेलं नव्हतं. शिवाय सगळ्यात खालची फांदी त्यांच्या डोक्याच्या वर होती. सहा वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचणार कसा?

‘तुम्ही पेपर वाचायला कुठे बसता?’

‘मागे, पायरीवर.’

मागे भाजीचे चार वाफे, एक झोपाळा, कपडे वाळत घालायची दोरी. भिंतीपाशी एक बादली पालथी घातलेली होती.

‘ही बादली तुम्ही ठेवलीत?’

‘नाही. ती मोरीत असते.’

ताई बादलीपाशी गेल्या आणि वर बघितलं. शेजाऱ्यांच्या बाजूने एक फांदी भिंत ओलांडून आली होती. तिला हातभर लांबीची पांढरी फुलं, सगळी खाली तोंड करून लोंबत होती. खरोखरच कुणीतरी घंटा टांगल्यासारखी. आजोबा वर्षानुवर्षं त्या पायरीवर बसत, पण पेपरातून मान वर केली तर ना. बादलीमागे गवतात दोन फुलं पडली होती, चुरगळून काळी पडलेली, आणि त्यांच्यावर लहान बोटांचे ठसे.

या खेपेला ताईंनी नुसती नजर टाकून भागवलं नाही. भिंग काढलं. पाकळ्या एकमेकींना जोडून झालेला कर्णा, काठावर पाच टोकं, देठाशी लांब हिरवं आवरण. पानं मोठी, लवदार. पान चुरगळून वास घ्यायची त्यांची सवय होती, तो हात त्यांनी मागे घेतला. हा जमिनीवरचा धोतरा नव्हे, त्याचा झाडावर लोंबणारा भाऊ. त्यांनी आजोबांच्या पेपरची दोन पानं मागितली, फांदी त्यात धरून तोडली, बोट न लावता गुंडाळली.

‘नक्की तेच ना?’ आजोबांनी विचारलं.

ताईंना वाटलं, म्हणावं, मला नाही कळत. पण कळत होतं. ‘झाड नक्की तेच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘डोळा त्यानेच झालाय का, ते डॉक्टर सांगतील.’

हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्स दारात उभी होती, इंजिन चालू. डोळ्यांच्या सरांनी फोनवर सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब घाला आणि अर्धा तास बघा. मार लागून बाहुली पसरली असेल तर ती या औषधाने आक्रसेल. फुलाच्या रसाने पसरली असेल तर हलणार नाही. छोट्या डॉक्टरांनी फांदी बघितली, तिचा फोटो सरांना पाठवला, थेंब घातले आणि घड्याळ लावलं.

तो अर्धा तास कुणाला सरता सरेना. आईचा जीव टांगणीला लागला होता. पिटुकली तेवढी ताईंना गोष्ट सांगत बसली. जमिनीखालच्या माणसांचे कपडे मुळांचे असतात, ती पावसाळ्यात वर येतात, वगैरे. ताई हो ला हो करत होत्या आणि त्यांची नजर डोळ्यावरून ढळत नव्हती. डावी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. उजवी जशीच्या तशी, काळीभोर, पसरलेली.

छोट्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा टॉर्च मारून बघितला, पुन्हा फोन लावला, बराच वेळ ‘हो सर, हो सर’ केलं. मग फोन ठेवला आणि आईकडे वळल्या. ‘डोक्यात काही नाही. फुलाचाच प्रताप आहे. दोन-चार दिवसांत बाहुली आपोआप जागेवर येईल. आज रात्री मी हिला इथेच ठेवून घेते, फक्त लक्ष ठेवायला.’

आई इतका वेळ खंबीर होती, ती आता रडली. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवला. ताई मुकाट्याने खिडकीवर परत गेल्या, फळी सरकवली. रांग दारापर्यंत गेली होती आणि सगळे त्यांच्यावर खेकसायला टपलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना कार्यालयातून कागद आला. पाळीचा माणूस नसताना खिडकी सोडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. ताईंनी खुलासा लिहिला, ‘फूल बघायला गेले होते. यापुढे गेले तर सांगून जाईन.’ मोठ्या साहेबांनी तो वाचला, छोट्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, सगळी हकिकत ऐकली आणि फाईल बंद केली.

चौथ्या दिवशी पिटुकली डोळा दाखवायला आली. बाहुल्या दोन्ही सारख्या. आजोबा मात्र मलूल दिसत होते. त्यांनी नातीला गोष्टी सांगणं बंद केलं होतं.

‘नको ते,’ ते ताईंना म्हणाले. ‘म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही आणि पोरीला अक्कल नाही.’

‘गोष्ट कुणाची?’ ताईंनी विचारलं.

‘माझ्या मावशीची. ती सांगायची.’

‘मावशीने डोळ्यात थेंब घालायला सांगितलं होतं?’

‘नाही,’ आजोबा आठवत म्हणाले. ‘मावशीच्या गोष्टीत मुलगी फुलाला कान लावायची. आणि तिला जमिनीखालची माणसं ऐकू यायची. दवाचं मी घुसडलं. पोरगी झोपत नव्हती, म्हटलं जरा रंग भरावा.’

‘मग मावशीचीच सांगा की,’ ताई म्हणाल्या. ‘कान लावल्याने कुणाला काही होत नाही. आणि बागेत जाल तेव्हा तुम्हीही मान वर करून बघा.’

पिटुकलीने हे सगळं ऐकलं आणि खिडकीच्या कट्ट्याला लटकून विचारलं, ‘पण मावशीचं घंटाफूल कुठलं होतं?’

आजोबांच्या तोंडावर ‘असंच एक’ आलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलं होतं. पण ताईंनी आधीच त्यांना विचारायला सुरुवात केली. मावशी कुठे राहायची? दारापुढे ऊन यायचं का? फूल केवढं होतं, कानात मावायचं का? आजोबा आठवू लागले. विहीर होती, तिच्याजवळची जमीन ओलसर असायची. फूल जांभळट. बोटाच्या पेराएवढं. वेल होती बहुतेक. रांगेतला एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, आमच्याकडेही होती अशी वेल. नाव ठरलं नाही, पण तीन शक्यता ताईंनी केसपेपरच्या मागे लिहून दिल्या. त्या रात्री नवऱ्याने शिडी लावून माळ्यावरून वही उतरवली.

पुढे छोट्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून खिडकीशेजारच्या भिंतीवर एक मोठा फलक लागला. मुलांनी तोंडात किंवा डोळ्यात घालू नयेत अशा चौदा झाडांची चित्रं, ताईंनी काढलेली. लोक कागदात गुंडाळून पानं आणू लागले, बिया आणू लागले, कुणी फोनवर फोटो. ताई प्रत्येक पान भिंगाखाली धरायच्या. ओळखलं तर नाव सांगायच्या. नाही ओळखलं तर ‘माहीत नाही, उद्या सांगते’ म्हणायच्या, आणि हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणू लागल्या की ऐकणाऱ्याचा विश्वास उलट वाढायचा. ड्रिलमास्तर स्वतः एक रोप घेऊन आले, हातात जाड मोजे घालून. ते खरंच शेवंतीचं निघालं. ड्रिलमास्तर मोजे काढून हसले आणि ताईही या खेपेला मनापासून हसल्या.

रिटायर व्हायला चार महिने असताना ताईंनी मोठ्या साहेबांकडे ॲम्ब्युलन्सच्या जागेमागची मोकळी पट्टी मागितली. तिथे तुटक्या कॉट आणि गंजलेली चाकं पडलेली असत. ती हलवली, माती भुसभुशीत केली आणि मुद्दाम काहीच लावलं नाही. येईल ते येऊ द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. महिन्याभरात दोन ओळखीची रोपं आली आणि एक अनोळखी. त्याची पानं जोडीजोडीने, कडेला तांबूस रेघ.

दुपारच्या सुट्टीत छोट्या डॉक्टर चहाचे दोन कप घेऊन तिथे आल्या आणि वाकून बघू लागल्या.

‘हे काय आहे?’

‘माहीत नाही,’ ताई म्हणाल्या आणि स्टूल थोडं सरकवून त्यांना जागा करून दिली. ‘कळी धरलीय. चार-पाच दिवसांत फुलेल. मग बघू.’